म्हाताऱ्या बैलांचं रक्त

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी खालापूरच्या गावांतून बैलांचं रक्त गोळा करत हिंडलो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी. जनावरांचा डॉक्टर झालो याचा अभिमान तेव्हाही होता, आजही आहे. त्या उन्हाळ्यात मात्र दिवसभराच्या पायपिटीत तो पायांना कळत नव्हता.

काम तिव्याचं. तिवा म्हणजे गुरांचा तीन दिवसांचा ताप. डास-चिलटांतून पसरतो असा कर्जतच्या आमच्या साहेबांचा संशय. मोठी साथ येऊन काही वर्षं झाली होती. मधल्या काळात रोग मुकाट्याने फिरत होता का, ते बघायचं होतं. रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी मुंबईला जायचं. तिथे ते रोगी रक्तात मिसळून निरोगी वासराला टोचत. वासराला ताप आला नाही, तर त्या पाण्यात तिव्याशी लढणारी प्रतिद्रव्यं आहेत असं समजायचं. साथीतून उठलेल्या म्हाताऱ्या बैलांत ती असणारच. मला हवे होते साथीनंतर जन्मलेले गोऱ्हे; त्यांच्यात ती सापडली, तरच रोग मधे फिरला म्हणायचा.

आणि गोऱ्हे कुठेच नव्हते. लोधिवलीपासून डोंगरापर्यंत दावणीला सगळे म्हातारे बैल, दात गेलेले, खांदे सोललेले. विचारलं की एकच उत्तर, "तरणं जनावर आमच्यात नायच, डाक्टर."

शेवटी आत्याच्या दारात जाऊन बसलो.

"आत्या, तुझा गोऱ्हा कुठाय?"

"तुला कशाला?"

"थोडं रक्त तपासायला."

"आदी रक्त बघत्यात, मंग लष्कराचा ट्रक येतो. समदी बोलत्यात."

ओट्यावरून आतोबा म्हणाले, "आमचा म्हातारा घे की रं. रक्त बघून तुजा सायेब त्याला पेन्शन तरी देईल."

मी हसलो. आत्या हसली नाही.

"भाताच्या आवनीला गोऱ्हाच जुपायचा हाय. म्हाताऱ्याच्यानं आता चिखल व्हत नाय. तुज्या मागनं ट्रक येनार नाय, येवढं तुज्या तोंडानं सांग. आत्ता आनते रानातनं."

रक्ताचा आणि ट्रकचा काही संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण कर्जतच्या बाजारात लष्कराचे ठेकेदार धडधाकट बैल उचलताना मी पाहिले होते. ते इथे येणारच नाहीत, असं कुठल्या तोंडाने सांगू?

"येवढा शिकलास ना? मंग सांग की."

मी म्हाताऱ्याचं रक्त घेतलं आणि उठलो.

कर्जतला साहेबांनी रक्ताच्या नळ्या पाहिल्या. "सगळे म्हातारेच? तरुण जनावरं लपवली असणार. पोलीस पाटलाला सांगून रान झाडून काढू."

"रानात काही नाही, साहेब," मी म्हणालो. "मी स्वतः फिरून आलोय."

त्यांनी माझ्या धुळीने भरलेल्या वहाणांकडे पाहिलं आणि नळ्यांची पेटी बंद करायला सांगितली.