पान पाहिल्याची तारीख

प्रबंधाच्या संदर्भयादीत वेबसाइटचा पत्ता दिला, की ते पान आपण कधी पाहिलं ती तारीखही लिहावी लागते. पुस्तकाला अशी तारीख लागत नाही. पुस्तक कपाटात पडून राहिलं तरी त्यातलं वाक्य जागचं हलत नाही. एम.ए.च्या वर्गात हे शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं.

माझा विषय होता गिरणगावातल्या बायका आणि चाळीतल्या सामाईक जागा. आमच्याच परळच्या चाळीतलं वाचनालय मी निवडलं. विहाराला लागून असलेली तळमजल्यावरची ती खोली. माझ्या गाईड मॅडमना वाटलं, घरचाच विषय आहे, मुलगी लोकांशी बोलेल. पण मला कुणाचं दार वाजवणं जमत नाही. मी दादरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे चाळीत माझं नावच 'इंग्लिश मीडियम'. काही विचारायला जावं तर आधी माझ्या मराठीवर हसणं, मग चहा, मग लग्नाचा विषय. त्यापेक्षा वेबसाइट बरी. ती आपल्याकडे टक लावून बघत नाही.

आमच्या चाळीची वेबसाइट दुसऱ्या मजल्यावरचे एक काका चालवतात. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांचा तोच उद्योग. जयंतीचे फोटो, रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा, पाणी कधी बंद ते, आणि 'आमचा इतिहास' असं एक पान. त्या पानावर एक वाक्य होतं: 'वाचनालयाची खोली बायकांनी भांडून मिळवली, पुरुष मंडळींना तिथे कॅरम मांडायचा होता.'

माझं तिसरं प्रकरण या वाक्यावर उभं होतं. वाचनालयाच्या भिंतीवर फोटो आहेत ते सगळे पुरुषांचे, उद्घाटनाच्या फरशीवरची नावंही पुरुषांची. बायका होत्या असं म्हणणारी ही एवढी एकच ओळ. मला इतका आनंद झाला की जिन्यात काका भेटले तेव्हा मी आपणहून बोलले. "काका, तुमच्या पानावरचं कॅरमचं वाक्य मी प्रबंधात घेतलंय."

"वा! युनिव्हर्सिटीत गेली आपली चाळ," काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी माझ्यासमोर लिंक उघडली. पान खाली-वर केलं, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. "दाखव कुठे आहे."

तिथे लिहिलं होतं: 'वाचनालय सर्व रहिवाशांच्या एकजुटीतून उभे राहिले.'

"तू नक्की इथेच वाचलंस? की कुणाकडून ऐकलंस आणि लिंक ही लावून दिलीस?"

"इथेच," मी म्हणाले. माझा चेहरा अशा वेळी खोटं बोलणाऱ्या माणसासारखा होतो. मॅडमनी प्रकरणावर पेन्सिलीने फुली मारली नाही, एवढंच. म्हणाल्या, पुरावा आण, नाहीतर सबमिशनच्या आधी हे प्रकरण काढावं लागेल.

जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर शोधलं, आमच्या चाळीचं पान कुणी साठवलंच नव्हतं. माझ्या फोनमध्ये हिंदमाताच्या सेलमधल्या साड्यांचे स्क्रीनशॉट होते. या वाक्याचा नव्हता.

शेवटी काकांचं दार वाजवलं.

"जयभीम काका. ते कॅरमचं वाक्य कुठे गेलं?"

"अगं, तूच म्हणालीस ना प्रबंधात घेतलंय! मी ग्रुपवर टाकलं, आपल्या पोरीने चाळीचं नाव काढलं. मग काय, सगळ्यांनी पहिल्यांदा ते पान वाचलं. सेक्रेटरीचा फोन. माझा बाप कॅरमवाला होता काय, म्हणतो. म्हटलं, जरा चांगलं करून टाकू. तुलाच बरं दिसेल."

"पण खरं काय होतं?"

"खरं तेच. माझी आई झाडू घेऊन दारात उभी होती," काका हसायला लागले.

"मग मी तुमची मुलाखत घेते. नाव नाही टाकत."

"नाव टाक नाहीतर नको टाकू. झाडू म्हटलं की कोणाची आई ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला इथेच राहायचंय बाई."

"वेबसाइटवर तर लिहिलं होतंत!"

"ते नेटवर होतं गं. तिथे कोण वाचतं?"

जुनं पान ठेवलंय का विचारलं, तर ते म्हणाले, जागा भरते म्हणून उडवतो. मग माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं. "तुझं काम अडलंय ना? सांग कसं लिहू. आत्ता टाकतो." मी समजावलं की मी सांगून तुम्ही लिहिलंत तर ते माझं वाक्य होईल, चाळीचं नाही. त्यांनी मान हलवली. त्यांना काही पटलं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी त्यांचा मेसेज आला. लिंक आणि खाली 'खूश?' मी पान उघडलं. वाक्य परत आलं होतं, कॅरमसकट. शेवटी कंसात: 'संदर्भ: आपल्या चाळीच्या कन्येचा एम.ए. प्रबंध.' सेक्रेटरीचीही हरकत नव्हती म्हणे. विद्यापीठच म्हणतंय तर आपण काय बोलणार.

म्हणजे माझा पुरावा काकांचं पान आणि काकांच्या पानाचा पुरावा मी. मॅडमनी हे उघडलं तर संपलंच. मी चपला न घालता वर गेले आणि गॅलरीतूनच ओरडले, "काका, काढा ते! आत्ताच्या आत्ता काढा!"

"अरे, आधी काढलं म्हणून रडत होतीस, आता टाकलं तर काढ!"

दारं उघडली. माझा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता, मीही नाही. काय झालं, काय काढा, कोणी विचारलं. काकांनी वैतागून सगळ्यांना सांगितलं. एकजण म्हणाली, कॅरम नव्हे, पत्ते. दुसरी म्हणाली, झाडूबिडू काही नव्हता, उगाच. गॅलरीच्या टोकाच्या खोलीतल्या आजी भिंतीला धरून पुढे आल्या.

"कॅरमच होता. मी नवी नवरी होते, सासूच्या मागे उभी होते. माझाच नवरा बोर्ड घेऊन आला होता."

"आजी, हे मी लिहू?"

"लिही की."

"नावाने?"

"मग काय बिननावाने? तो गेला, सासू गेली. आता मला कोण बोलणार? पण मराठीत लिही हां, इंग्लिश मीडियम."

सगळे हसले. प्रबंध इंग्रजीतच होता. मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यांच्या उंबऱ्यावर बसले.

प्रकरण प्रबंधात राहिलं. संदर्भयादीत आता आजींचं नाव आहे आणि मुलाखतीचा दिवस. वेबसाइटचा पत्ता मी खोडला.

काकांनी मात्र ते पान काढलेलं नाही. मी दोनदा सांगितलं. "असू दे गं, छान दिसतंय," म्हणतात. खाली संदर्भ म्हणून अजूनही मीच आहे.