आईच्या पदरातली गोळी

मंडळी, अजून साताऱ्यात दवाखान्यातच बसलोय, पण हे आत्ताच सांगावंसं वाटलं.

सकाळी कोरेगावला घरी दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या हातातून चहाची बशी सुटली. तोंड वाकडं, बोलणं बंद. गाडीत घालून तडक इथं आणलं. डॉक्टरांनी मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं.

दुपारी आईनं पदराची गाठ सोडून दादांना द्यायला त्यांची रक्त पातळ करायची रोजची गोळी काढली. दादा मिलिटरीतले. गोळी कधी चुकवली नाही.

सिस्टर धावतच आल्या. "आवं काकू, आज न्हाई! इंजेक्शनचा जोर हाय अजून. वर ही गेली तर मेंदूत रक्तस्राव हुईल. उद्या परत स्कॅन करून डॉक्टर सांगतील, तवाच."

"आवं, पण रोजचीच हाय की!" आई रडवेली झाली.

तेवढ्यात दादांचा उजवा हात हळूहळू वर आला. सकाळी लुळा पडलेला, तोच! त्यांनी आईची मूठ गोळीवर मिटवली आणि जड जिभेनं म्हणाले, "ऑर्डर हाय. थांब."

अंगावर काटा आला, गड्यांनो. रोज जीव राखणारी गोळी आज थांबवणं, हेच औषध! तुमच्याकडंही कुणी असं रोजचं औषध दवाखान्यात घेऊन येत असेल, तर देण्याआधी सिस्टरना विचारा.

आई गोळी परत पदरात बांधतेय. गाठ काही बसेना. परत सोडते, परत बांधते.