टेकाडावरचा राब

धोंडुबाईंनी विद्यापीठाच्या टेकाडावर राब भाजला, तेव्हा त्यांना वाटलं होतं, आज मॅडम खूश होतील.

कासू स्टेशनच्या पुढे, रुळांपासून थोडं आत विद्यापीठाचं हे नवं आवार आहे. इमारती यायच्या आधी तो माळ धोंडुबाईंच्या गावाचा होता. खाली भाताची खाचरं, वर माळ. उन्हाळ्यात माळावरचं गवत, पाचोळा आणि ऐनाच्या डहाळ्या खाली न्यायच्या, शेणाबरोबर खाचराच्या कोपऱ्यात थरांनी पसरायच्या, वर मातीचा हात फिरवून पेटवायचं आणि त्या भाजलेल्या जागेत रोपांसाठी बी फेकायचं. हाच राब. माळ गेला, कुंपण आलं. धोंडुबाईंचे यजमान गुणाजी त्यानंतर फार जगले नाहीत. टेकाडावरच्या ऐनावर त्यांच्या कोयत्याचे जुने वार अजून दिसतात. आता त्या झाडाला नावाची पाटी लावली आहे. नाव गुणाजींना कळलं नसतं असं.

ते झाड रोज नजरेला पडावं, एवढ्यासाठी धोंडुबाई तिथे झाडलोटीच्या कामाला लागल्या. शेजारची सरू म्हणायची, "नागोठण्याला कंपनीच्या कँटीनात जा की गो. सावलीत बसशील."

"कंपनीत माझा ऐन हाय काय?"

"ऐनाला काय कुंकू लावायचंय?"

"लावीन. तुझं काय जातंय?"

यंदा विद्यापीठाने ठरवलं, आवारातलं एकही पान बाहेर टाकायचं नाही. हरित आवार म्हणून दर्जा मिळवायचा होता आणि एप्रिलात समिती बघायला येणार होती. काम पर्यावरण विभागाच्या मृणाली मॅडमकडे होतं. तरुण, घाईची बाई. ऐनाच्या पलीकडे मोकळ्यावर उभं राहून त्यांनी धोंडुबाईंना हातवारे करून दाखवलं.

"खाली काटक्या. मग पाला, मग शेण, मग गवत. वर पातळ माती."

धोंडुबाई झाडू टेकवून बघत राहिल्या. "हितं?"

"इथेच."

"भात करायचा हाय काय हितं?"

मॅडमना वाटलं, बाई थट्टा करतायत. त्या मनापासून हसल्या. "भातालासुद्धा चालेल हो हे. समिती यायच्या आत पुरं करा म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी धोंडुबाई सरूच्या ओट्यावर बसल्या होत्या. "मॅडमना उमगलं गो," त्या म्हणाल्या. "माळ उपाशी हाय, ह्ये उमगलं त्यांना."

सरूने चेष्टा केली नाही.

सांगितले तसे थर रचून धोंडुबाईंनी वाफे केले आणि सुकू दिले. समितीच्या दिवशी सकाळी वारा पडलेला बघून धोंडुबाईंनी कमरेची काडीपेटी काढली. हातात ओली डहाळी घेऊन कडेकडेने फिरत राहिल्या, ठिणगी ऐनाकडे जाऊ नये म्हणून. राब चांगला भाजत होता. धूर सरळ वर गेला आणि मग सावकाश सभागृहाच्या खिडक्यांकडे वळला.

साईराज धावत आला. गावातलाच पोरगा, ठेकेदाराचा सुपरवायझर.

"काकी, काय केलंत ह्ये?"

"भाजला."

"समिती गेटावर हाय. धूरमुक्त आवार लिवलंय तिथं, एवढाल्या अक्षरात."

"मला वाचता येतंय काय? आन् तूबी खाचरातलाच ना रे? थर बघून तुला काय वाटलं होतं?"

साईराजलाही तो राबच वाटला होता. बाजूला जाऊन त्याने ठेकेदाराला फोन लावला, ऐकून घेतलं आणि परत आला तेव्हा त्याने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"कार्ड द्या तुमचं."

कार्ड नसेल त्याला गेटातून आत सोडत नाहीत. धोंडुबाईंनी गळ्यातून ते काढलं, पण लगेच पुढे केलं नाही.

"उद्यापास्नं?"

"आत्तापास्नं."

त्यांनी ऐनाकडे एकदा बघून घेतलं. तेवढ्यात मृणाली मॅडम समितीला घेऊन वर आल्या. वाफ्यांच्या जागी काळे चौकोन धुमसत होते. समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "हे कोणी पेटवलं?"

"मी," धोंडुबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"राब असाच करत्यात."

मृणाली मॅडमनी राखेकडे पाहिलं, मग धोंडुबाईंच्या मुठीतल्या कार्डाकडे. वर्षभराचं काम त्या राखेत होतं आणि गप्प राहिलं असतं तर चूक दुसऱ्याच्या नावावर गेली असती.

"हे खत व्हायचं होतं," त्या म्हणाल्या. "थर कसे लावायचे ते मी सांगितलं. कशासाठी, ते नाही सांगितलं. त्यांनी मला विचारलं होतं. मी हसले."

गृहस्थांनी काहीतरी टिपून घेतलं आणि सगळे खाली उतरले. दर्जा त्या वर्षी मिळाला नाही. मॅडम ठेकेदाराशी आठवडाभर भांडल्या तेव्हा कार्ड परत मिळालं, एका अटीवर: काडीपेटी सकाळी गेटावर साईराजकडे ठेवायची. पहिल्या दिवशी ती देताना धोंडुबाई म्हणाल्या, "सांभाळ रे. दागिना हाय."

साईराज हसला, पण कसनुसं.

वाफे पुन्हा लावले. धोंडुबाई सांगितले तसे थर लावायच्या. आपल्याच माळावर कुणाकडे पाहुणी म्हणून आल्यासारखं त्या वागायच्या. मे सरत आला तेव्हा एके दिवशी मॅडम त्यांच्याशेजारी जमिनीवर उकिडव्या बसल्या.

"मावशी, हात घाला आत."

"कशाला?"

"घाला तर."

धोंडुबाईंनी माती सारून कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन मागे घेतला. मग सावकाश पुन्हा घातला. आत चांगलंच तापलं होतं.

"कुणी लावली?"

"कुणीच नाही. आपोआप तापतं. ज्वाळ येत नाही एवढंच."

"भाजून कवा होईल?"

"पावसाळा उलटल्यावर."

"म्हंजे पेरणीला नाय."

"नाही. यंदा पेरणीला नाही मिळणार."

मॅडमनी पुढे समजूत घातली नाही. खालून रोह्याची गाडी गेली. धोंडुबाईंनी हात तसाच आत ठेवला होता आणि त्या ऐनावरचे गुणाजींचे वार बघत होत्या.

"त्यांना दावायला पायजे होतं ह्ये," त्या म्हणाल्या. "इस्वास नसता बसला त्यांचा. म्हनले असते, काडी लपवलीस कुठं."

मग त्यांनी हात बाहेर काढला, उघड्या पडलेल्या जागेवर माती सारखी केली आणि विचारलं, "उद्या शेन किती आनू?"