विम्याची चौथाई

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत मी अकोल्याच्या एका विमेवाल्या पेढीवर रोजचे भाव उतरवून घ्यायला जात असे. तिथे एकदाच पाहिलेला पातूरचा एक शेतकरी आठवतो. अमरावतीला जाणाऱ्या आपल्या चार गाड्या कापसाचा विमा त्याने सकाळी उतरवला होता. दुपारी अकोल्यातच गिऱ्हाईक मिळाले, म्हणून तो विमा मोडायला आला. कापूस पारखावा तसा तो विम्याचा कागद बोटांत चोळत होता.

मुनीम म्हणाला, "पाटील, भरलेल्या पैशातली चौथाई कापली जाईल. कागद लिहिला तेव्हापासून जोखीम आमची."

"गाड्या मोर्णेकाठी उभ्या हायेत, मुनीमजी. बैल बी जुपले नाईत अजून. जोखीम कायची?"

तेवढ्यात रस्त्यावर ओरडा झाला. मोर्णा नदीच्या काठी आग लागली होती.

मुनीम घाईने म्हणाला, "कागद आणा, सगळे पैसे घ्या."

शेतकऱ्याने कागद मुठीत धरला आणि तो धावत सुटला. मुनीम दारात उभा राहून धूर पाहत राहिला. पेढीवरचे बाकीचे लोकही दाराशी जमले.

तासाभराने शेतकरी परतला. त्याच्या भुवया करपल्या होत्या.

"कडबा जळला. कापूस वाचला," म्हणत त्याने कागद पुढे केला.

सर्वांदेखत दिलेला शब्द होता, म्हणून मुनिमाने पूर्ण रक्कम त्याच्यापुढे ठेवली. शेतकऱ्याने तिच्यातली चौथाई मोजून परत सरकवली.

"कापा, मुनीमजी. जोखीम होती. म्या पाह्यली."

मुनिमाने ती घेतली, पण मान वर केली नाही.