हिरवं दूध

माझ्या बहिणीचं पहिलं बाळ जन्मानंतर दुसऱ्याच आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात, लातूरच्या एका रुग्णालयात दगावलं. बाजारात शेपूच्या जुडीचा वास आला की मला त्याच्या आदल्या दिवसाची सकाळ आठवते. बहीण बाळंतपणाला आमच्याकडे रेणापूरला आली होती. खोलीत शेगडीवरच्या ओव्याचा धूर कोंडला होता आणि आई तिला रोजच्यासारखी शेपूची भाजी आणि भाकरी वाढत होती. तेवढ्यात बाळ ओकलं. दूध हिरवंगार होतं, दुपट्यावर त्याचा डाग पसरला. "शेपू उतरला दुधात. आजपासून बंद," आई म्हणाली. बहिणीनं विचारलं, "दवाखान्यात दाखवायचं का गं?" "लई शानी झालीस. तूबी अशीच ओकायचीस, मेलीस का?" यावर बहीणही हसली. दिवसभर शेपू बंद ठेवून घरानं वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचं पोट टणक फुगलं आणि रडणं थांबलं, तेव्हा आम्ही लातूर गाठलं. तपासून सर्जन म्हणाले, "हे हिरवं म्हणजे पित्त. आतडं जन्मतःच नीट बसलेलं नाही, म्हणून त्याला पीळ पडलाय." शस्त्रक्रियेत पीळ सुटला, पण आतडं काळं पडलेलं होतं. संध्याकाळी बाळ गेल्याचं सांगायला सर्जन बाहेर आले, तेव्हा व्हरांड्यात आई बहिणीला हळिवाची खीर भरवत होती, दूध आटू नये म्हणून.