दारवाले रुद्रप्पा

चौसाळ्याला हमरस्त्याच्या कडेला रुद्रप्पांचं आवार होतं. पाडलेल्या घरांच्या तुळया, चौकटी, खिडक्या विकत घ्यायच्या, खिळे उपसून रंधा मारायचा आणि नव्या घराला द्यायच्या, हाच त्यांचा जन्माचा धंदा. बायको गंगासागर होती तोवर आवारात बोलणं-चालणं असायचं. ती गेली. मुलगा रवि गेवराईला दुकान टाकून तिकडचाच झाला.

किल्लारीच्या भूकंपानं लोकांनी माळवदाचा धसका घेतला. डोक्यावर मातीचा भार नको म्हणून जो तो छत उतरवू लागला. आवार लाकडानं भरलं, गिऱ्हाईक मात्र आटलं. सगळ्यांना स्लॅब आणि लोखंडी खिडक्या हव्या होत्या. रविनंही तसंच घर बांधायला काढलं. त्याच्यासाठी रुद्रप्पांनी एक सागवानी चौकट जपून ठेवली होती.

"अप्पा, दुसऱ्याच्या पाडलेल्या घराची चौकट माझ्या दाराला कशाला लावायची?" रवि म्हणाला.

रुद्रप्पांनी चौकट परत भिंतीला टेकवून ठेवली.

मग वीटभट्टीवाले बबनराव टेम्पो घेऊन आले. "देऊन टाका सगळं. भट्टीला जळण होईल."

"हे जाळून विटा भाजणार, अन् त्या विटांनी परत घरच बांधणार?" रुद्रप्पा म्हणाले. "सागवान हाय हे. अजून लई वर्षं भार उचलील. न्हाई द्यायचं."

टेम्पो रिकामाच परतला.

उन्हाळ्यात युसूफ वडगाव या गावच्या सुंदरबाई आल्या. विधवा बाई, भिंत तडकल्यापासून गोठ्यात राहत होत्या. "एकच खोली बांधायची हाय. जुनं चालंल, पण वर पत्रा, हलका," त्या म्हणाल्या.

एरवी माल दिला की रुद्रप्पांचं काम संपायचं. या खेपेला ते लाकडासोबत स्वतः गेले. गवंड्याच्या जोडीला उभे राहून तुळया चढवल्या, रविनं नाकारलेली चौकट त्यांच्या दाराला बसवली. दुपारी सुंदरबाई भाकरी वाढायच्या. "पिठलं तिखट झालं का?" असं विचारायच्या. असं कुणी विचारून किती दिवस झाले होते! रुद्रप्पांचा हात मुद्दाम मंदावला. गुळगुळीत झालेल्या फळीवरही ते रंधा फिरवत राहिले. पण खोली ती केवढी. एक दिवस काम सरलंच.

सगळा पावसाळा आवारात एकट्यानं काढला. पावसानं दार फुगलं असेल, तासायला हवं, असं स्वतःला सांगत दिवाळीच्या सुमारास त्यांनी पिशवीत रंधा घातला आणि एस.टी. धरली.

दाराला कुलूप होतं. त्यांनी चौकटीवरून हात फिरवला. कुठं फट नव्हती, फुगवटा नव्हता. करायला कामच उरलं नव्हतं.

शेजारीण बाहेर आली. "लेकीकडं गेल्यात त्या सणाला. तुमी कोण त्यांचे?"

रुद्रप्पांचा हात अजून चौकटीवरच होता.

"दारवाला," ते म्हणाले. मग उंबऱ्याशी बसून पिशवीतली घरची भाकरी खाल्ली आणि परतीच्या गाडीची वाट धरली.