अंगठ्याखालची खळी

मंडळी, घरी न जाता थेट सायबर कॅफेत येऊन लिहितेय. मी नाशिकरोडच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते.

पंधरा दिवसांपूर्वी गुलाबाची शेती करणारी एक बाई तळहातावर पडून आली होती. मनगटाच्या फोटोत काही दिसलं नाही. तिच्या सासूसमोर मीच बोलून गेले, "काही नाही, मुका मार आहे." दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातात पुन्हा फुलं कापायची कात्री.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यातलं अंगठ्याच्या मुळाशी, खळीखाली असलेलं हाड मोडलं, तर चीर कधीकधी आठ-दहा दिवस फोटोत येतच नाही. हे मला माहीत होतं. तरी मी ते वाक्य बोलून मोकळी झाले.

आज ती एकटीच आली. नव्या फोटोत चीर स्पष्ट दिसली. डॉक्टरांनी प्लास्टर सांगितलं. मला वाटलं, आता रडेल. तर ती हसली.

"मोडलंय ना ताई, नक्की? मग फोटो द्या, घरी दाखवते. सोंग करती म्हणतात समदे."

फोटोची ओली फिल्म वाळेपर्यंत ती पंख्याखाली उभी होती.

तुमच्या घरात नुसतं 'दुखतंय' म्हटलेलं पुरतं का?